मुलीकडच्यांची चाल

आमच्या मुलीचं लग्न विहारात लागलं. हुंडा नाही, मानपान नाही, आहेर स्वीकारला जाणार नाही, असं आम्ही पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं. इतकं पुरोगामी लग्न लावून झाल्यावर मी मांडवाच्या दारात अडीच तास हात जोडून उभा होतो. पाहुणे जेवले का, पाहुण्यांना पाणी मिळालं का, पाहुण्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला दुसरा गुलाबजाम मिळाला का. मला कुणी तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप जुळत होते. मधेच एकदा नाक खाजवायला मोकळे केले, तर थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, डोळे वटारले.

व्याही मानवतचे. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माणूस सज्जन, फक्त आपलं उत्तर कधी चुकतं यावर त्यांचा विश्वास नाही. पस्तीस वर्षं उत्तरं त्यांच्याच हातात होती, त्याला ते तरी काय करणार.

मुलीला बुद्धिबळ मी शिकवलं, हे मी अजूनही चारचौघांत सांगतो. सहाव्या वर्षी तिला पट मांडायला शिकवलं आणि नवव्या वर्षी तिनं मला हरवलं. पुढची दोन वर्षं मी मुद्दाम हरतो, असं बायकोला सांगत होतो. एके दिवशी बायको म्हणाली की एकदा मुद्दाम जिंकून दाखवा. मग सांगणं सोडलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत गुरुजी, विहीणबाई, जावई आणि मुलगी परभणीला आमच्याकडं आले. मुलीनं स्वयंपाकघरात आईच्या कानावर एक गोष्ट घातली. मानवतच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी आहे. रिकामी म्हणजे तिच्यात एक बंद कूलर आणि गुरुजींचे जुने पेपर आहेत. तिथं तिला लेकरांसाठी बुद्धिबळाचा वर्ग काढायचा होता. गुरुजींना विचारलं, तर ते ‘बघू’ म्हणाले. आमच्याकडं ‘बघू’चा अर्थ लहान मुलालाही कळतो. हो म्हणणं मनात नसतं आणि नाही म्हणून वाईटपणा घ्यायचा नसतो, तेव्हा माणूस बघतो.

जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत गुरुजींनी सहज विषय काढला की बुद्धिबळ म्हणजे शेवटी गणितच. गणित म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. दादा झरीहून आले होते. ते म्हणाले की थोडंफार आमी पण खेळतो. त्यावर जावयांनी मोबाईलवरचं एक ॲप दाखवलं. त्यात म्हणे दोन माणसं नाही, दोन संघ खेळतात. प्रत्येक चालीला चोवीस तास. संघातल्या ज्याला जी चाल पटेल तिला त्यानं मत द्यायचं, आणि रोज संध्याकाळी आठला ज्या चालीला जास्त मतं ती पटावर पडते. आपली मतं आणि आपली चर्चा समोरच्या संघाला दिसत नाही. म्हणजे ग्रामपंचायतच, फक्त पार्टी नाही.

दोन घरांचे दोन संघ करायचे ठरले. नाव काय द्यायचं यावर एकमत होईना, म्हणून जावयांनी तात्पुरतं म्हणून टाकलं, ‘मुलाकडचे’ आणि ‘मुलीकडचे’. तात्पुरतं टाकलेलं नाव पुढं तीन महिने बदललं नाही. आमची मुलगी अर्थातच मुलाकडचे झाली.

आमच्या संघात अकरा जण. दादा, वहिनी, मी, बायको, जिंतूरला राहणारा मेव्हणा आणि त्याची बायको, चार पुतणे-भाचे आणि माझी आत्या. आत्याला बुद्धिबळ येत नाही. तिला घोडा आवडतो. घोड्याची चाल असली की ती मत देणार, नसली तरी घोड्यालाच देणार. राजा शहात असताना सुद्धा तिचं मत घोड्यावर. ॲप म्हणायचं अशी चाल होत नाही, आत्या म्हणायची मोबाईल खराब झालाय.

बाकी आमचं मतदान फार शिस्तीत चालायचं. आत्या सोडली, तर दादा सगळ्यांत मोठे. त्यांच्या आधी मत टाकायचं म्हणजे त्यांच्या आधी ताटावर बसण्यासारखं. दादा दिवसभर शेतात, सहाला घरी येणार, हातपाय धुणार, चहा घेणार, चष्मा शोधणार आणि पावणेसातला मत टाकणार. तोवर दहा माणसं मोबाईल हातात घेऊन गप्प. पावणेसात ते सात या पंधरा मिनिटांत दादांच्या चालीवर धडाधड मतं पडायची. त्यातूनही कुणी वेगळं मत दिलंच, तर दादा फोन करायचे. ते एकदा ग्रामपंचायतीत बिनविरोध निवडून आले होते, तेव्हापासून त्यांना विरोधी मत म्हणजे घरात ओल आल्यासारखं वाटतं. ‘मागं घे ना बाबा, उगीच कशाला,’ इतकंच म्हणायचे. लोक मागं घ्यायचे. मी तर फोन येण्याआधी घ्यायचो.

बाराव्या-तेराव्या चालीला गुरुजींच्या संघानं एक हत्ती अशा घरात आणून ठेवला की आमच्या घोड्यानं तो फुकट मारावा. समोर वाढून ठेवल्यासारखा. आत्यासुद्धा बरोबर होती, इतकं ते सोपं होतं. मला सकाळी ऑफिसला जाण्याआधीच दिसलं आणि दिवसभर फायलींवर शिक्के मारताना मी मनातल्या मनात हत्ती मारत होतो.

पावणेसातला दादांचं मत पडलं. कडेचं प्यादं एक घर पुढं.

मी फोन केला. दादा म्हणाले की हत्ती त्यांनाही दिसलाय, आंधळे नाहीत ते. पण लग्नाला वर्ष झालं नाही, पहिलाच खेळ, आणि आपण व्याह्यांचा हत्ती मारायचा? मुलीकडच्यांनी? त्यांच्या लक्षात येईल, ते मागं घेतील, आपण जरा दमानं घ्यावं. मी म्हणालो की तेही खरंच आहे. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. हात पुन्हा आपोआप जुळले होते, फक्त आता त्यांत मोबाईल होता.

प्याद्याला आठ मतं पडली. घोड्याच्या बाजूनं तीन. आत्या, मेव्हणा आणि माझी बायको. मेव्हणा एसटीत कंडक्टर आहे, त्याला फुकट बसलेलं कुणी दिसलं की राहवत नाही. बायकोनं मात्र माझ्यासमोर मत दिलं आणि विचारलं, “खेळायलात का पाहुणचार करायलात?”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हत्ती शांतपणे बाजूला घेतला. दादा खूश झाले. बघ, म्हणाले, समजूतदार माणूस हाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलत होती. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज बदलला.

“पप्पा, परवा आमचा हत्ती तुमाला दिसला न्हाई का?”

“दिसला होता.”

“मग?”

मी म्हणालो की मोठे पप्पा म्हणाले, जरा मान द्यावा.

मग तिनं सांगितलं ते असं. हत्ती तिथं ठेवू नका, घोडा मारील, असं तिनं त्यांच्या चर्चेत लिहिलं होतं. गुरुजी म्हणाले होते, काही होत नाही. मतदानात ती एकटी पडली, जावयांनीसुद्धा वडिलांकडं बघून मत दिलं. आणि आम्ही हत्ती मारला नाही. झालं. गुरुजींनी जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं की सूनबाई नाहक घाबरते, समोरच्याला जे दिसत सुद्धा नाही त्याला भिते, ही लेकरांना काय शिकवणार. खोलीचा विषय त्या ताटावरच मिटला. ‘बघू’ सुद्धा राहिलं नाही.

“मान तुमी त्यांना दिला,” ती म्हणाली, “खोटी मी पडले.”

मी म्हणालो की मी गुरुजींना फोन करून सांगतो. ती म्हणाली की काही सांगू नका, सांगितलं तर ते आणखी वाईट दिसेल, मुलीच्या बापानं मुलीची वकिली केली. खेळाबद्दल आपण बोलायचं सुद्धा नाही, मी त्या संघात आहे, ते लबाडीचं होईल. “फक्त दिसंल ते खेळा. एवढंच करा.”

पंचवीस वर्षं नोकरीत मला साहेबांनी पुष्कळ झापलंय. इतक्या हळू आवाजात कुणी झापलं नव्हतं.

त्यानंतर दोन आठवडे पटावर काही घडलं नाही. दोन्हीकडून सभ्य प्यादी सभ्यपणे पुढं सरकत होती. मग एका शनिवारी रात्री आठला गुरुजींच्या वजिरानं आमच्या कोपऱ्यातलं एक प्यादं खाल्लं. एकटाच, इतक्या आत येऊन. आमच्या चर्चेत मेव्हण्यानं तासाभरात लिहिलं की गाडी बोळात घातलीय, उंट एक घर मागं घ्या, रिव्हर्सला जागा राहत न्हाई. मी पट मांडून तपासलं. खरंच, उंट एक घर मागं आला की वजीर अडकत होता आणि पुढच्या चालीला आमचा. मेव्हण्याला दिसलं ते मला दिसायला पट मांडावा लागला, हे मी बायकोला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी मी झरीची बस धरली. फोनवर दादांशी वाद घालणं मला जमत नाही. समोर बसून पण जमत नाही, पण समोर निदान चहा मिळतो.

दादा हरभऱ्याच्या रानातून नुकतेच आले होते. ओट्यावर बसलो. मी उंटाचं काढलं, तर ते आधीच तयार होते.

“वजीर?” दादा म्हणाले. “हत्ती न्हाई मारला आपण, आन आता वजीर मारायचा? उद्या गुरुजी समोर आले तर तोंड कसं दाखवू मी?”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. गच्चीवरचा फोन, जेवणातलं बोलणं, रस्त्याकडची खोली, कूलर आणि पेपरासकट. वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. दादा कितीतरी वेळ पायाला लागलेला चिखल काडीनं काढत बसले. एक पाय स्वच्छ झाला, तरी काढत होते.

“हे आधी का न्हाई सांगितलंस?”

मी म्हणालो की विषय निघाला नाही. त्यांच्यासमोर माझे पुष्कळ विषय निघत नाहीत.

“माझं मत मी फिरवणार न्हाई,” दादा म्हणाले. “माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते. पण आज मी आठाला पाच कमी असताना मत टाकतो. तवर तुमी काय करायचं ते करा.”

आमच्या घराण्यात याहून मोठी क्रांती झालेली नाही. मी दुपारच्या बसनं परत आलो आणि सगळ्यांना कळवलं की आज दादा शेवटी मत देणार आहेत, तुमी आपापलं द्या. सगळ्यांनी अंगठे पाठवले. मत कुणीच टाकलं नाही. सात वाजले, सव्वासात झाले, साडेसात झाले. दहा माणसं, आणि एकालाही पहिलं मत कसं टाकतात ते माहीत नव्हतं. एका पुतण्यानं विचारलं की दादांचं मत काय पडणार हाय याचा काही अंदाज? मेव्हणा, ज्याची ती चाल, तो सुद्धा गप्प. नंतर म्हणाला की मी लहान पडतो.

आत्या धरली नाही, तर दादांच्या खालोखाल मोठा मी. हे माझ्या त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं. इतकी वर्षं मी स्वतःला धाकटा म्हणून सांभाळलं होतं. मोबाईल हातात घेऊन मी पलंगावर बसलो होतो आणि डोळ्यांसमोर गुरुजींचा चेहरा येत होता, मांडवात आले तेव्हाचा, गळ्यात हार घातलेला. बायको शेजारी तूर निवडत होती. मला वाटलं ती काही बोलेल. ती ताटातले खडे मात्र जरा जोरात बाजूला टाकत होती.

सात चाळीसला मी उंटावर बोट ठेवलं आणि एक घर मागं घेतला.

मग जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. धडाधड मतं पडली. उंट, उंट, उंट, उंट. पाच मिनिटांत नऊ मतं, कुणी एक प्रश्न विचारला नाही. दादांनाच मत देणारे ते सगळे, वहिनीसुद्धा. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की आम्ही दादांचा आदर करतो. आम्ही पहिलं मत बघत होतो. ते दादांचं होतं, एवढाच त्यांचा मोठेपणा. आठाला पाच कमी असताना दादांनी कडेच्या प्याद्याला मत दिलं, एकट्यानं, आणि आत्यानं घोड्याला. नऊ, एक, एक.

पुढच्या चालीला वजीर आमच्याकडं आला.

दोन दिवस मानवतहून काही कळेना. मी गुरुजींच्या फोनची वाट बघत होतो आणि तो येऊ नये असंही म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला. त्यांनी सांगितलं की वजीर तिकडं नेऊ नका, असं हिनं या वेळीसुद्धा लिहिलं होतं. बाबांनी जाऊन ते पुन्हा वाचलं. मग वर जाऊन मागच्या सगळ्या चर्चा पहिल्यापासून वाचल्या, दुपारभर, वही घेऊन. संध्याकाळी म्हणाले की आता सूनबाई म्हणतील ती चाल, आणि स्वतःचं मत तिच्यामागं टाकलं. गुरुजींनी टाकल्यावर बाकीच्यांनी टाकलं. त्यांच्याकडची माणसं आमच्याहून फार वेगळी नसावीत.

आता आमच्याकडं एक वजीर जास्त. मेव्हणा म्हणाला की आता डोळे झाकून जिंकतो. आमचा संघ डोळे झाकून खेळण्यात तसाही तरबेज होता. इकडं दादा पुन्हा पावणेसातला आले होते आणि त्यांनी एक अट घातली. वजीर घेतला तो घेतला, त्याबद्दल ते बोलणार नाहीत. पण आता उठसूट शह द्यायचा नाही. राजाच्या अंगावर जायचं नाही. माणसानं किती करावं. सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं, कारण वजीर मारल्यापासून आम्हाला जेवण नीट जात नव्हतं. काम झालं होतं, मुलीचा शब्द राहिला होता, मग आता थोडा मान द्यायला काय हरकत होती?

त्यामुळे पुढच्या सगळ्या चाली आम्ही शह न देता खेळलो. शेजारून जायचं, वाट अडवायची, जरा खोकायचं, पण शह नाही. समोर मुलगी आमचे मोहरे एकामागून एक कमी करत होती आणि तिचे स्वतःचे देऊन टाकत होती. उंट दिला, हत्ती दिला. मला वाईट वाटायला लागलं. म्हटलं लेकरू खचलंय. शेवटी त्यांचा राजा कोपऱ्यात आणि पटाच्या दुसऱ्या टोकाला एकुलतं एक प्यादं. आमचा वजीर राजाजवळ घुटमळत होता, अदबीनं. आणि आमच्या घोड्याला ते प्यादं मारता येत होतं.

ही चाल मी सुचवली. जीव ओतून सुचवली, दोन ओळींचं स्पष्टीकरण लिहून. शह नाही, म्हणून दादा खूश. घोडा, म्हणून आत्या खूश. मेव्हण्याला फुकट बसलेलं प्यादं दिसलं. बायकोनं पण मत दिलं. अकरा विरुद्ध शून्य. तीन महिन्यांत पहिल्यांदा चाल बिनविरोध झाली. दादांनी मला फोन करून शाबासकी दिली, जी मला यापूर्वी दहावीच्या निकालाला मिळाली होती.

आठ वाजता घोड्यानं प्यादं खाल्लं आणि ॲपनं खेळ बंद केला. बरोबरी. आम्हाला वाटलं काहीतरी बिघडलं. मी पट मांडला. त्यांच्या राजाला शह नव्हता, आणि जायला एकही घर नव्हतं, आणि दुसरा मोहरा उरला नव्हता. असं झालं की कुणी हरत नाही. एक वजीर जास्त असताना आम्ही अकरा जणांनी एकमतानं अर्धा गुण मुलाकडच्यांच्या हातात ठेवला होता.

मुलीला फोन लावला, तर ती हसत होती. म्हणाली, “तुमी शह देणार न्हाईत हे मला माहीत होतं, पप्पा. वजीर गेल्यापासून त्यावरच खेळायले मी.”

तिच्या हातातून फोन गुरुजींनी घेतला. आधी प्रकृतीची चौकशी, मग थंडीची, मग म्हणाले, “आमच्या सूनबाईनं वाचवलं हो.” बायको कान लावून बसली होती, ती पुटपुटली की आता आमची झाली. मग गुरुजींनी गणिताच्या मास्तरासारखं विचारलं, “तेव्हाचा तो हत्ती. तुम्हाला दिसला नव्हता, की मारला नाहीत?”

दिसला नाही म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. तोंडात ते आलंही होतं.

“दिसला होता, गुरुजी,” मी म्हणालो. “सगळ्यांना दिसला होता. आत्यालासुद्धा.”

मग ते म्हणाले, “मग मी तिचा एक मार्क कापला तो चुकीचा कापला.” आणि फोन विहीणबाईंना दिला.

मार्चमध्ये मी मानवतला गेलो. खोली रंगवलेली नव्हती, कूलर पण तिथंच होता, भिंतीकडं तोंड करून. पेपर मात्र गेले होते आणि त्यांच्या जागेवर दोन सतरंज्या होत्या. सात लेकरं, चार पट. एका पटासमोर गुरुजी मांडी घालून बसले होते, त्यांच्यासमोर दुसरीतली एक मुलगी. गुरुजींनी मला बघून मान हलवली, उठले नाहीत. मी व्याही असून उठले नाहीत, हे मी दादांना सांगणार नव्हतो. मी दाराजवळ टेकलो. त्या मुलीला गुरुजींचा उंट फुकट मिळत होता आणि तिचं लक्ष नव्हतं. मी नुसता घसा खाकरला.

“पप्पा,” आमची मुलगी दुसऱ्या पटावरून न बघता म्हणाली, “मधी बोलायचं न्हाई.”

मी गप्प बसलो. दुसरीतल्या त्या मुलीनं बराच विचार केला आणि उंट मारला. गुरुजींनी पटाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, जणू खाकरणं मोजलं जावं की नाही याचा हिशेब करत होते, आणि मग निमूट आपलं प्यादं पुढं सरकवलं.